वाचनालयातली लिंबोणी आणि तिचे डॉक्टर

कुणीतरी आमच्या लिंबोणीला रोज थोडं थोडं मारत होतं. नाव घेणार नाही. कारण ज्याच्याकडं बोट दाखवावं तो छाती पुढं काढून म्हणायचा, "मी तर तिचं भलंच केलंय!"

कोल्हापुरातल्या एका पेठेत आमचं छोटं वाचनालय आहे. मी तिथं ग्रंथपाल. दारात कुंडीतली लिंबोणी. बॉटनीत बी.एस्सी. केल्यामुळं तिची जबाबदारी माझी, आणि पेपर वाचायला येणाऱ्या प्रत्येकाला मत असल्यामुळं उपचार सगळ्यांचे. पुस्तकांचं रजिस्टर असतं तसं या किश्श्यांचं ठेवलं असतं, तर एव्हाना एक कपाट भरलं असतं.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केलं, "महिनाभर बघू. सुधारली नाही तर हलवायची आणि प्लॅस्टिकचं झाड ठेवायचं. किडा नको, कटकट नको!"

वाचनालयाच्या दारात प्लॅस्टिक? मी भडकले. "मग पुस्तकंही प्लॅस्टिकचीच आणा, वाचायची कटकट नको!"

"महिना म्हणजे तीस दिवस हं, मॅडम," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

*

पहिला इलाज वस्तादांचा. ते तालमीतून थेट पेपर वाचायला येतात. पैलवानाचा दंड चाचपावा तशी त्यांनी फांदी चाचपली. "पोरी, खुराक कमी पडतोय हिला. उपाशी ठेवलीयास व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून थंडाई गाळून उरलेला बदामाचा चोथा कुंडीत पडायला लागला. लिंबोणीनं तो खाल्ला नाही, मुंग्यांनी खाल्ला. मुंग्यांपाठोपाठ माव्याची कीड आली आणि कोवळी पानं आक्रसून गेली. मी वस्तादांना ओढत नेऊन दाखवलं.

त्यांनी वाकून बघितलं. "मुंग्या कशा झाल्यात बघ, धष्टपुष्ट! म्हंजे खुराकात खोट न्हाय. झाडाचंच पचन बिघडलंय."

*

एक किस्सा माझाही सांगते, नाहीतर मालन मावशी सांगतील. त्या आमच्याकडं झाडलोट करतात. एकदा म्हणाल्या, "ताई, पानावर पाखरानं घाण केलीया. पुसू?"

मी घाईत होते. "राहू द्या हो मावशी, नैसर्गिक खत आहे ते!"

तिसऱ्या दिवशी खत चालायला लागलं! त्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. लहान असताना त्या हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात. हे मी परीक्षेत लिहिलंय, पूर्ण मार्क मिळवलेत. तोवर एक फांदी साफ बोडकी झाली होती.

मावशी केरसुणीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "कालेजात चित्रातली झाडं असत्यात व्हय?"

*

मग नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसायला लागला. हे मला नक्की माहीत होतं! मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "लोह कमी पडतंय."

माझं ऐकलं ते फक्त निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींनी. ते दुसऱ्या दिवशी पुडीतून गंजके खिळे घेऊन आले आणि ओळीत मातीत खोचले.

"गुरुजी, असं लोह झाडाला मिळत नाही!"

"मग तू म्हणालीस ते कुठलं?"

मी पंधरा मिनिटं समजावलं. गुरुजींनी मान हलवली. सकाळी बघते तर खिळ्यांशेजारी एक गंजकी बिजागरी! डोस वाढवला होता.

*

आठ दिवस उरले. वैतागून मी कुंडी आडवी केली, झाड बाहेर काढलं. आत नुसता चिखल आणि कुबट वास. खालचं भोक शोधते तर सापडेना.

सगळी हयात गॅरेजात घालवलेले माने मिस्त्री पेपर बाजूला ठेवून आले. "भोक हुडकतीयास? ते लिकेज मीच काढलं की! फरशी भिजत हुती. आतनं सिमेंट मारलंय. थेंब गळायचा न्हाय!"

म्हणजे इतके दिवस लिंबोणी पाण्यात उभी होती. वर प्रत्येकजण येताजाता बाटलीतलं उरलेलं पाणी ओतत होता.

"मिस्त्री, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं!"

"मग कुंडीवर तसं लिहाय नको?"

*

मिस्त्रींनीच भोक पाडून दिलं. मी सडलेली मुळं छाटली, नवी माती, जाड वाळू घातली आणि वर पाटी लावली, 'पाणी घालू नये'. पण महिना संपला तेव्हा नवी पानं दोनच. अध्यक्ष प्लॅस्टिकचं झाड घेऊन हजर! मी भांड भांड भांडले. शेवटी ते म्हणाले, "बरं, दोन्ही शेजारी ठेवू. आणखी एक महिना. शोभेल ते राहील."

त्या महिन्यात लिंबोणीला मी सोडून कुणी हात लावला नाही. बारा पानं आली, हिरवीगार, आणि टोकाला एक कळी. अध्यक्षांनी चष्मा लावून पानं दोनदा मोजली. "राहू दे हीच," म्हणाले, आणि आपलं प्लॅस्टिकचं झाड परत न्यायला उचललं.

उचलेना. जोर लावला तसं कुंडीतलं काठोकाठ भरलेलं पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं.

"ह्याला पाणी कोण घालतंय?"

सगळी डोकी पेपरात. वस्ताद तर छोट्या जाहिराती वाचत होते.

मालन मावशी फडकं घेऊन आल्या, फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "असू द्या की साहेब. नवीन झाड हाय, मुळं धराय टाईम लागतोय."