जमिनीपासून मनगटापर्यंत

जमिनीपासून माझ्या मनगटापर्यंतचं अंतर तीस इंच आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला सोळा वर्षं लागली.

यात लपवण्यासारखं काय आहे, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही आता तसंच वाटतं. पण या एका आकड्यापायी एका सरळ माणसाची अब्रू गेली, माझ्या थोरल्या भावाचं खळं फुटलं आणि माझ्या मुलावर स्वतःच्या लग्नात असा कोट मिरवायची वेळ आली, की ज्यातून त्याची बोटं बाहेर येत नव्हती. या सगळ्याला एकच माणूस जबाबदार होता. तो भिवंडीतल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं भूमिती शिकवत होता आणि वहीत खाडाखोड दिसली की दोन गुण कापत होता.

सुरुवात झाली व्याह्यांपासून. आमची मेधा पुण्याला दिली, तेव्हा तिचे सासरे दिनकरराव नुकतेच निवृत्त झाले होते. मोठे इंजिनियर, सहा फूट उंच, आणि रोज सकाळी गोल्फ खेळणारे. मी शेलारच्या शेतकऱ्याचा मुलगा, निजामपुऱ्यात राहणारा शिक्षक, पाच फूट दोन इंच. मी सकाळी दूध आणतो. तरी आम्ही पुण्याला गेलो की दिनकरराव मला आग्रहाने मैदानावर घेऊन जायचे. दोन वर्षांत मी चार वेळा गोल्फ खेळलो. (म्हणजे गणपतीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. सणावारी खेळणारा खेळाडू म्हणा.) चारही वेळा चेंडू जागच्या जागी राहिला आणि गवत लांब गेलं.

पहिल्याच दिवशी मी सहज म्हणालो होतो, "काठी माझ्या मापाची नाही हो."

सबब उत्तम होती. काठी त्यांची, उंची देवाची, माझ्याकडे काहीच येत नव्हतं! चारही वेळा ती मी वापरली. पाचव्या वेळी दिनकरराव म्हणाले, "वसंतराव, मी विचार केला. तुमच्या मापाचाच सेट करून घेऊ. माझ्याकडून भेट."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमनने, मला टेबलाखालून चिमटा काढला. मुलीच्या सासऱ्याची भेट परत करतात का?

दुकान पुण्यातच होतं. खरं तर गिऱ्हाईकाला समोर उभं करून, चार फटके मारायला लावून माप ठरवतात म्हणे. पण मला दिवाळीपर्यंत पुण्याला जाणं नव्हतं. तेव्हा दुकानाने एक फॉर्म पाठवला. त्यात दोनच मापं हवी होती. एक तळहाताचं, आणि दुसरं, बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटापासून जमिनीपर्यंत मोजायचं. सुमन म्हणाली, "द्या, मी मोजते." पण तिची टेप पहिल्या तीन इंचांना तुटलेली होती आणि ते तीन इंच ती मनात धरायची. मी करीम मास्तरांकडे गेलो.

करीम मास्तर म्हणजे निजामपुऱ्यातले आमचे शिंपी. माझी पहिली पँट त्यांनी शिवली, लग्नातला सूट त्यांनी शिवला. त्यांच्या दुकानाच्या भिंतीपलीकडे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, चालायचे, त्यामुळे आरशातलं गिऱ्हाईक सतत थरथरत असायचं. मास्तरांची टेप मात्र कधी थरथरली नाही. माणूस दारातून आत येताना बघून ते कंबर सांगायचे.

मी उभा राहिलो. मास्तरांनी विचारलं, "गुरुजी, बाही है के पँट?"

"दोन्ही नाही. काठीचं माप आहे."

मास्तरांनी टेप गळ्यात परत टाकली, चष्मा पुसला, आणि काठीत कोण आत जाणार आहे असं विचारलं. मी खेळ समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. सहा फुटी माणसं सकाळी उठून छोट्या भोकात चेंडू घालतात, हे त्यांना मुळीच खोटं वाटलं नाही. त्यांची अडचण वेगळीच होती.

"मार्जिन कितना रखूं? आगे चलके लंबी करनी पडी तो?"

मी म्हणालो, "मार्जिन नको. आहे तेवढंच."

ते गुडघ्यावर बसले आणि दोन वेळा मोजलं. फॉर्मवर इंग्रजी आकड्यांत तीस लिहिलं, आणि स्वतःच्या वहीतही नोंद केली. जाताना म्हणाले, "डंडा आया तो बुलाना हां गुरुजी. जिंदगीत पहिल्यांदा असं माप घेतलंय, बघायला पाहिजे."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मी तसाच घरी गेलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण फॅक्स करायला मी धामणकर नाक्यावर गेलो. तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात गल्ल्यावर माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. तिने फॉर्म हातात घेतला, वाचला आणि आनंदाने म्हणाली, "सर, मॅडम गोल्फ खेळतात? मला माहितीच नव्हतं."

दुकानात चार माणसं होती. चौघांनी वळून बघितलं.

मी फॉर्म परत घेतला. खाली एक तक्ता छापलेला होता, तो मी तोवर वाचलाच नव्हता. कुठल्या मापाला कुठली काठी, ते रांगेने दिलं होतं. बत्तीसच्या वर पुरुष. तीस ते बत्तीस महिला. तीसच्या खाली लहान मुलं.

मला दिसलं ते असं. पुण्यात दिनकररावांचे सगळे मित्र उभे आहेत, आणि मी बॅगेतून बायकांच्या काठ्या काढतोय. गुलाबी मुठींच्या. (गुलाबी असं कुठेही लिहिलं नव्हतं. ती भर माझी.) मी खिशातलं पेन काढलं आणि त्या शून्याच्या डोक्यावर एक शेंडी काढली. तिसाचे छत्तीस झाले. इतकी सफाईदार खाडाखोड माझ्या एकाही विद्यार्थ्याला जमली नव्हती. मी ती नक्कीच पकडली असती.

"मॅडमसाठी नाही," मी म्हणालो. "माझ्यासाठी आहे."

दिवाळी झाली आणि दिनकरराव व विहीणबाई खोकं घेऊन स्वतःच भिवंडीला आले. खोकं त्यांनी उघडलं नव्हतं. तो मान माझा होता. खेळून बघायला मोकळी जागा हवी, म्हणून आम्ही सगळे शेलारला दादाकडे गेलो. मास्तरांनाही निरोप दिला होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, गळ्यात टेप तशीच.

भातझोडणी तोंडावर आलेली. दादाने आदल्या दिवशीच खळं चोपून, शेणाने सारवून आरशासारखं केलं होतं. आजूबाजूला सगळीकडे कापलेल्या भाताचे सड. सपाट जागा म्हणाल तर तेवढीच. दिनकरराव खूश होऊन म्हणाले, "वा, आमच्या मैदानावरसुद्धा इतकं सपाट नाही."

दादाचा चेहरा पडला. पण पुतणीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणणार? एवढंच म्हणाला, "खेला, पन पायतान काडून. खल्यान पायतान घालून जात न्हाय कोनी."

मी बूट काढले. अर्धा इंच तिथेच गेला.

खोकं उघडलं. काठ्या चकाकत होत्या. सगळ्यात लांब काठी मी उभी केली, ती माझ्या छातीला लागली. मी धरली. दोन्ही हात गळ्यापाशी आले आणि चेंडू कुठेतरी शेजारच्या गावात दिसायला लागला. दिनकररावांच्या कपाळाला आठी पडली, पण ते सभ्य गृहस्थ. "नवीन आहे, सवय होईल," म्हणाले.

मी पहिला फटका मारला. काठी चेंडूच्या वीतभर अलीकडे खळ्यात घुसली. थाळीएवढा एक पोपडा उडाला आणि दिनकररावांच्या पांढऱ्या टी-शर्टवर बसला. चेंडूने हूं की चूं केलं नाही.

"वसंता," दादा हळूच म्हणाला, "रवयवारी झोडनी हाय माजी."

दुसऱ्या फटक्याला मी काठी वर उचलून मारली. ती हवेतून गेली, माझ्याभोवती फिरली, आणि मागून येऊन पुन्हा खळ्यात घुसली. दुसरा पोपडा विहीणबाईंच्या चहाच्या कपात. एव्हाना बांधावर वीसेक माणसं गोळा झाली होती. कुणीतरी सल्ला दिला, की वसंता उंचीला कमी पडतो, त्याला कशावर तरी उभा करा. सुमन धावत घरात गेली आणि पाट घेऊन आली. तिला खरंच मदत करायची होती, यावर माझा आजही विश्वास आहे.

मी पाटावर उभा राहिलो. अनवाणी, व्याह्यांच्या समोर, सगळं गाव बघतंय.

दादा म्हणाला, "मुंडावल्या आना रं कोनीतरी."

तिसरा फटका मात्र बसला! चेंडू आडवा सुटला आणि शेजारच्या नव्या गोदामाच्या पत्र्यावर असा आदळला, की आतला वॉचमन दोन्ही हात वर करून बाहेर आला. पाट एकीकडे गेला, मी दुसरीकडे, थेट भाताच्या भाऱ्यांत. मला पायांना धरून बाहेर काढावं लागलं.

हसणं ओसरल्यावर दिनकररावांनी काठी माझ्या शेजारी उभी केली आणि दुकानात फोन लावला. फोनवर बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मग फोन बंद करून म्हणाले, "फॉर्मवर छत्तीस आहे म्हणतात. वसंतराव, हे माप घेतलं कोणी?"

आता बोलायचं होतं. मुलीच्या सासऱ्यासमोर एवढंच सांगायचं होतं, की बायकांच्या रांगेत बसायला लाजलो आणि शून्याला शेंडी काढली. त्यांनी हसून पाठीवर थाप मारली असती. मी हात लांब केला आणि मास्तरांकडे बोट दाखवलं.

मास्तर पुटपुटले, "छत्तीस?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फुटलेल्या खळ्याकडे बघितलं. मग ते दिनकररावांना म्हणाले, "हो साहेब. माझ्याच हातून झालं. शेजारी लूम चालतात ना, टेप हलली असेल."

आणि त्यांनी गळ्यातली टेप काढून, गुंडाळून खिशात ठेवली. मी त्यांना टेपेशिवाय तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

दादाने खळं पुन्हा चोपलं. चेष्टा मात्र वर्षानुवर्षं चालली. शेलारची माणसं कापड टाकायला निजामपुऱ्यात गेली की म्हणायची, "मास्तर, पँट शिवा, काठी नको हां." मास्तर हसायचे आणि प्रत्येक माप तीन-तीनदा घ्यायला लागले. पुढे माझ्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा सुमन म्हणाली की ज्याला काठीचं माप घेता येत नाही त्याच्याकडे सूट टाकायचा नाही. मी गप्प बसलो. सूट ठाण्याच्या मोठ्या दुकानात शिवला. हळदीच्या सकाळी मुलाने तो घातला तर बाह्यांतून बोटंच बाहेर येईनात. शेवटी मास्तरांनाच बोलावलं. मुलगा दारात उभा होता, तिथूनच त्याला बघून मास्तर "चार इंच" म्हणाले आणि तासाभरात बाह्या कापून दिल्या. जेवून गेले, अहेर देऊन गेले.

गेल्या महिन्यात मी दुकानात गेलो. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो, मास्तर खुर्चीत बसून असतात. मी सगळं सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, तक्ता, शेंडी, सगळं. भिंतीपलीकडे लूम चालूच होते, त्यामुळे काही भाग ओरडून सांगावा लागला आणि दोन गिऱ्हाइकांनाही कळला. बरंच झालं.

मास्तर म्हणाले, "मालूम है गुरुजी."

"केव्हापासून?"

"उसी दिन से. पचास साल तुमची पँट शिवतोय, तुमचं माप मला माहीत नाही?" त्यांनी मुलाकडून जुनी वही मागवली आणि पान काढलं. 'गुरुजी, डंडा, 30.' शून्याला शेंडी नव्हती.

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात?

"बेटी के ससुर खडे थे ना," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं पाडू का? मेरा क्या, मला गिऱ्हाईक हसणार. मेधा को तो उसी घर में रहना है."

मी म्हणालो, ही गोष्ट आता लिहून छापणार आहे, तुमच्या नावासकट. ते म्हणाले, छापा, पण माप बरोबर छापा. आणि खुर्चीतून उठले. मुलगा नको नको म्हणत असताना गुडघ्यावर बसले, टेप लावली, पुन्हा लावली, आणि मान हलवून मुलाला आकडा लिहायला सांगितला.

तेव्हा पहिलं वाक्य दुरुस्त करून घ्यावं. तीस इंच तेव्हा होतं. वयाने माणूस खाली येतो म्हणतात, मी एक इंच आलोय. आजचं माप एकोणतीस. तो तक्ता मी अजून जपून ठेवलाय. त्याप्रमाणे बायकांच्या रांगेतूनही माझं नाव कटलं असून, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी लहान मुलांत बसतो.

(बूट घालून.)