खोडरबर मास्तर

मास्तरांच्या गळ्यात सुतळीत ओवलेलं एक खोडरबर असायचं. आंघोळीला जाताना ते काढून खुंटीला लावत आणि अंग पुरतं पुसायच्या आधी परत घालत, असं मावशी म्हणजे त्यांच्या पत्नी सांगायच्या. आर्णीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला आणि पेन्शनच्या कागदांना माहीत होतं. बाकीचं गाव त्यांना खोडरबर मास्तर म्हणायचं. त्यांच्याकडे शिकून पाहिलेले आम्ही एकूण तिघं. दोघं पहिल्या आठवड्यातच पळाले, तिसरा मी.

मास्तरांनी सारी नोकरी पोलिसांच्या बँडात काढली. वाद्य कोणतं, तर बास. अंगाभोवती गुंडाळून घ्यायचं ते पितळेचं अवाढव्य भोंगाडं, ज्यातून एक तर पों निघतं, नाही तर पों-पों. झेंडावंदनाला मोठी माणसं ट्रम्पेटवाल्याकडे बघायची आणि पोरं तेवढी मास्तरांकडे, तीही या भोंग्यात चिंचोके टाकता येतील का या हिशोबानं. निवृत्तीला वाद्य सरकारजमा झालं आणि पुढच्या दोन वर्षांत दात पडले, त्यामुळे फुंकायचा प्रश्नच मिटला. गळा तर मुळातच फुटका होता. उरलं ते वाचन. पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचता येणारा आमच्या गावात हा एकच माणूस होता, आणि त्याचा गावाला काडीचाही उपयोग नव्हता.

मी दिवसा तहसिलीत कारकून आणि लगीनसराईत ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला. आर्णीपासून महागावपर्यंत माझ्या कीबोर्डशिवाय नवरदेवाला हळद लागत नाही, असा माझा समज होता. तो दूर करायचा बायकोनं वेळोवेळी प्रयत्न केला. गाणं एकदा कानावर पडलं की माझ्या बोटांत उतरायचं. पट्टी मात्र मला एकच यायची. गायक कोणत्याही पट्टीत उभा राहो, मी पट्टी सरकवायचं बटण दाबून तीच बोटं त्याच जागी फिरवायचो. आमच्या लायनीतले सगळेच असं करतात आणि सगळेच एकमेकांना मास्तर म्हणतात.

मग एकदा नागपूरहून रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं. मी नवा शर्ट शिवून गेलो. तिथल्या माणसानं माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला आणि काच लावलेल्या खोलीत जाऊन बसला. कागदावर पाच पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. दिवसभर सातबारे, फेरफार आणि साहेबांची अक्षरं वाचणारा मी, त्या कागदाकडे बघतच राहिलो. शेवटी म्हणालो, एकदा वाजवून दाखवा, लगेच वाजवतो. काचेपलीकडे कोणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं. त्यांनी बाहेर डबा खात बसलेल्या एका पोक्त बाईंना बोलावलं. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला, कागद पहिल्यांदाच बघून सरळ वाजवला आणि उरलेली भाजी-पोळी खायला परत गेल्या. मी एसटीनं घरी आलो. चव्वेचाळीसाव्या वर्षी आपण निरक्षर आहोत हे कळणं फार वाईट.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या अंगणात कीबोर्ड घेऊन हजर झालो. अंगणात कडुनिंबापासून भिंतीपर्यंत एकावर एक अशा पाच दोऱ्या ताणलेल्या. कपडे वाळवायला कोणी अशा दोऱ्या बांधत नाही, हे मावशी रोज एकदा तरी ऐकवायच्या. मास्तर त्या दोऱ्यांवर प्लॅस्टिकचे चिमटे लावायचे. दोरीवर चिमटा असला तर तो दोरीचा सूर. दोन दोऱ्यांच्या मधला सूर हवा असला तर चिमट्याला रुमाल लोंबकळत ठेवायचे. मी समोर स्टुलावर बसून चिमटे आणि रुमाल वाजवायचे. एकदा मावशींनी वैतागून सगळे चिमटे काढले आणि धुणं वाळत घातलं, तर मास्तरांनी मला धुणंच वाजवायला लावलं. पातळ म्हणजे लांब सूर, बनियन म्हणजे आखूड. आमच्या ऑर्केस्ट्रात त्याहून वाईट चाली मी पाहिल्या आहेत.

कागदावर आलो तेव्हा मी शहाणपणा केला. प्रत्येक ठिपक्याखाली पेन्सिलीनं बारीक सा, रे, ग लिहून नेलं. मास्तरांनी चष्मा वर केला, गळ्यातलं खोडरबर ओढलं आणि ओळच्या ओळ पुसून काढली.

"हे लिवलं म्हनजे तू मराठी वाचून राह्यला, बाबू," ते म्हणाले. "ते तं तुले सरकारनं शिकोलंच हाये."

त्यानंतर मी किती वेळा लिहिलं आणि त्यांनी किती वेळा पुसलं याला गणती नाही. रबराचा चुरा ते फुंकायचे आणि तो नेमका माझ्या चहात पडायचा.

मग मी दुसरी वाट शोधली. त्यांच्या पुस्तकातला धडा मोबाइलवर सापडतो हे मला कळलं. घरी तो चार वेळा ऐकायचा आणि अंगणात कागदावर डोळे रोखून, कपाळाला आठी घालून, वाचल्यासारखा वाजवायचा. आठवडाभर मास्तर माझ्या प्रगतीवर खूश होते, निदान मला तसं वाटलं. एका संध्याकाळी मी असाच तल्लीन होऊन वाजवत असताना त्यांनी हात लांब करून कागद हळूच उलटा करून ठेवला. माझं वाजवणं आणि कपाळावरची आठी दोन्ही तशीच चालू होती. धडा संपल्यावर मी मान वर केली, तर मावशी पदर तोंडाला लावून आत पळाल्या होत्या.

"कान चोर असते," मास्तर एवढंच म्हणाले. "डोया साक्षीदार असते. मले चोर नाई पाह्यजे, साक्षीदार पाह्यजे."

तेव्हापासून ते माझ्यासाठी धडे हातानं लिहायला लागले, म्हणजे जगातल्या कोणत्याच मोबाइलवर ते सापडू नयेत. मी मधेच पदरची हरकत टाकली की विचारायचे, पंचनाम्यात मनचं लिहितात का? तहसिलीतला माझा अनुभव वेगळा होता, पण मी ती ओळ पुन्हा वाजवायला घ्यायचो. एकदा महागावच्या लग्नातून दुपारी सरळ त्यांच्याकडे आलो आणि पट्टी सरकवायचं बटण तसंच दाबलेलं राहिलं. बोटं कागदाप्रमाणे बरोबर पडत होती, सूर तिसरेच निघत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मास्तरांनी कानांवर हात ठेवले. मग घरातून चिकटपट्टी आणून त्यांनी त्या बटणावर आडवी-उभी अशी लावली, की जणू चोरीच्या मालावर पोलिसांचं सील. ऑर्केस्ट्रावाले मला अजून त्यावरून चिडवतात. मी मात्र आता बारा पट्ट्यांत वाजवतो आणि ती चिकटपट्टी काढलेली नाही.

त्यांचा सगळ्यात जास्त राग माझ्या डाव्या हातावर होता. आम्हा लोकांचा डावा हात तीन बोटं दाबून ठेवण्यापुरता, बाकी ढिंगचिक मशीन करतं. मास्तरांना ते सहन होत नसे. वरची चाल पाहुणी असते, खालचा सूर घरचा, असं ते म्हणायचे. बँडात आयुष्यभर खालचेच सूर वाजवलेला माणूस दुसरं काय म्हणणार, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

त्यांच्या लोखंडी कपाटात जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेला एक कागद होता. शिकायला लागून पंधरा दिवस झाले नसतील, तेव्हाच मावशींनी चहा देता देता सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मास्तरांनी त्यांच्यासाठी एक चाल लिहिली होती आणि ती मावशींनी आजवर ऐकलेली नव्हती. बासवाल्यानं चाल बनवली म्हटल्यावर बँडातले हसतील, म्हणून मास्तरांनी ती तिथं कोणाला दाखवली नाही. गायला गळा नाही, गावात वाचणारा दुसरा नाही. चाल कपाटात राहिली.

"त्याईनंच लिवली का बजारातून आनली, हेबी मले मालूम नाई," मावशी म्हणाल्या. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत चिमटे मोजत होते.

म्हणजे मी का शिकत होतो ते मला ठाऊक होतं, आणि ते का शिकवत होते तेही त्या दिवशी कळलं. एकदा मी तो कागद बघायला मागितला. मास्तरांनी मान हलवली. वाचता येईल तेव्हा देईन, चुकतमाकत नको, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दीड वर्ष गेलं. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी त्यांनी लिहिलेला एक दोन्ही हातांचा धडा पहिल्याच नजरेला, न अडखळता वाजवला. मास्तर उठले, कपाटाची किल्ली घेतली आणि म्हणाले, "आता येते तुले. काढू का?"

मी घड्याळ बघितलं. लगीनसराई डोक्यावर होती, त्या संध्याकाळी तालमीला जायचं होतं. म्हटलं, मास्तर, एवढी सराई होऊन जाऊ द्या, मग निवांत बसू. निवांत हा शब्द मी वापरला, हे मला अजून ऐकू येतं. त्यांनी किल्ली परत कनवटीला लावली आणि सराईत काय काय वाजवणार, याची चौकशी केली.

ते गेले त्या दिवशी मी पांढरकवड्याला एका हळदीत होतो. फोन खिशात थरथरत होता आणि पुढे पन्नास बाया नाचत होत्या. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणातल्या दोऱ्या कोणीतरी मंडपासाठी सोडल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली आणि ती नागपूरच्या लाजेसारखी नव्हती. ती लाज मी शिकून भरून काढली होती, हिला असा काही उपाय नव्हता.

चौदावा दिवस झाल्यावर मावशींनी निरोप पाठवला. मी कीबोर्ड घेऊन गेलो. पाचही दोऱ्या पुन्हा बांधलेल्या होत्या, त्यांवर मावशींचं धुणं होतं. मावशींनी कॅलेंडर उलगडून कागद माझ्यापुढे ठेवला आणि सुपात डाळ घेऊन निवडायला बसल्या. कागद पिवळा पडला होता. वरची ओळ चालीची, खालची बासची. उजेडात धरला तेव्हा वरच्या ओळीतल्या ठिपक्यांखाली मला पेन्सिलीच्या पुसट खुणा दिसल्या. सा, रे, ग, म, खोडून काढलेले. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

आधी उजव्या हातानं वरची ओळ वाजवली. साधी चाल होती, लहान, एका जागी जराशी अडून पुढे जाणारी. मावशी डाळ निवडत राहिल्या. चांगली हाये म्हणाल्या, पाहुण्याच्या पोरीला म्हणावं तसं. माझा जीव खट्टू झाला. मग म्हटलं, दोन्ही हातांनी वाजवायच्या आधी डाव्याचं एकदा बघून घेऊ. खालची ओळ एकटीच वाजवायला घेतली. पों. पों-पों. पों.

सुपातले हात थांबले.

"हे तं मले येते," मावशी म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पुढची ओळ, मी अजून न वाजवलेली, दबक्या आवाजात स्वतःच म्हणून दाखवली. पों-पों, पों. एकही सूर चुकला नाही. मग त्यांनी सांगितलं, पोलीस लायनीतल्या खोलीत मास्तर रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी हेच वाजवायचे. शेजारचे बोंबलायचे. मावशीही बोलायच्या, कायले सकायी सकायी रेडा हंबरल्यावानी करता. ते म्हणायचे, प्रॅक्टिस आहे.

"मले वाटे प्रॅक्टिसच हाये," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे पुसले आणि मला डावा हात मांडीवर ठेवायला सांगितला. "तू वरचं वाजव, बाबू," त्या म्हणाल्या. "खालचं म्या म्हनतो."