विशाखापट्टणमचं स्थळ

आमच्या शेजारचे भय्याजी माणसांच्या पत्रिका पाहत नाहीत. माणसं खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. जन्मवेळ विचारली की आई एक सांगते, आत्या दुसरीच. म्हणून ते गावांच्या पत्रिका मांडतात. गावाला आत्या नसते.

भय्याजींनी सगळी नोकरी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रेल मिलच्या क्रेनवर काढली. वर केबिनमध्ये बसायचं आणि खालून सरकणारे लालभडक रूळ पाहायचे. निवृत्त झाल्यावरही उंचावरून पाहायची खोड गेली नाही, म्हणून ते थेट ग्रहांवर जाऊन बसले, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणतो. ते रागावत नाहीत.

"तुहं बरं हाय, अतुल. तुमच्या घरी पत्रिकाच नाही. शनी आला तं बिचारा पत्ता इचारत फिरन."

हे मात्र खरं. आम्ही बौद्ध, आमच्याकडे लग्नं वंदना घेऊन लागतात. गुण कोणी जुळवत नाही. भांडणं तेवढी सगळ्यांच्या घरासारखीच होतात.

भय्याजींच्या हिशेबानं भिलाई मूळ नक्षत्रावरची. "भी अक्षर मुळाचं. मुळाचं पोरगं जमीन उकरल्याबिगर राहत नाही, अन् आगीशी खेळते." शेजारचं दुर्ग मीन राशीचं. दोन मासे, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. "म्हणूनच जिल्हा कोर्ट तिथं हाय." सिविक सेंटरच्या चहाच्या टपरीवर हे ऐकायला माणसं थांबतात. चहाचे पैसे मात्र भय्याजीच देतात, त्यामुळे विद्येची परीक्षा नीट होत नाही.

या उन्हाळ्यात ती झाली. त्यांची एकुलती एक मुलगी कीर्ती हिला विशाखापट्टणमच्या बंदरावर नोकरी लागली. जहाजांतून माल उतरवणारी एक खासगी कंपनी होती. धक्क्यावर उभं राहून माल नीट उतरतो की नाही ते पाहायचं, असं काम. होय की नाही ते मंगळवारी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत कळवायचं होतं. कीर्ती तयार, तिची आई अन्नपूर्णाकाकू तयार. भय्याजी म्हणाले, "आधी स्थळ पाहू."

"अहो, पोरगी नोकरीले चालली," काकू म्हणाल्या, "नांदाले नाही."

"तिथंच झोपन, तिथलंच खाईन, आजारी पडली तं त्याच्याच गळ्यात पडन. मंग नांदनं आनखी काय रायते?"

शनिवारी संध्याकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात पत्रिका मांडली गेली. मी कुंपणावरून उडी मारून हजर.

"या गावाचं अक्षर पाहाचं कामच नाही," भय्याजी म्हणाले. "नावातच नक्षत्र घेऊन जन्मलं. विशाखा! विशाखेची खूण म्हणजे तोरण. दरवाजा. मंग बंदर नाही होईन तं काय होईन? जगाचा माल याच्या दरवाजातून आत येईन, घरचा बाहेर जाईन. नक्षत्राचे चार पाय. तीन तूळ राशीत, म्हणजे तराजू, व्यापारी माणूस. गोड बोलणारा. पण चौथा पाय वृश्चिकेत. वृश्चिक पाण्याखाली लपून बसते. इचार अतुलले, तिथं काय रायते पाण्याखाली?"

"मासे," मी म्हणालो.

"पाणबुड्या! नौदलाच्या!" भय्याजींना एवढा आनंद झाला की पाणबुड्या त्यांनीच सोडल्यात असं वाटावं. "वरून दुकानदार, आतून शिपाई. अन् विशाखेचं फळ उशिरा मिळते, पण मोठं मिळते. हे गाव अजून वाढून राहिलं. याचे खरे दिवस पुढं हायेत."

"मंग झालं ना!" कीर्ती म्हणाली. "लड़का अच्छा है, खानदानी है, कमाता है. हो म्हणा."

"थांब. गुण मोजाचे हायेत."

छत्तीसपैकी निदान अठरा लागतात, एवढं मलाही माहीत आहे. कीर्तीचं नक्षत्र उत्तरा. भय्याजी बोटांच्या पेरांवर मोजत गेले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. नक्षत्राला एक प्राणी असतो म्हणे. उत्तरेची गाय, विशाखेचा वाघ. शून्य गुण. कीर्ती मनुष्यगणाची, शहर राक्षसगणाचं. पुन्हा शून्य. एकूण भरले साडेसोळा.

"दीड मार्कानं कोणी फेल करते का, बाबा? ग्रेस द्या."

कीर्तीनं तोवर मोबाइलवर शोधून काढलं होतं. "हे पाहा, नावाचं अक्षर वि धरलं तं रोहिणी नक्षत्र येते. सीधा चोवीसच्या वर जाते. भिलाईचं तुम्ही अक्षरावरूनच पाहता ना?"

"भिलाईच्या नावात नक्षत्र नाही म्हणून अक्षर पाहिलं. याच्या नावात हाय. कॉपी करून पास करू का तुले?"

माणूस प्रामाणिक. त्यामुळेच पंचाईत. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुफान आलतं तिथं, टीव्हीवर पाहिलं ना तू? झाडं कशी आडवी झालती. रागाचं गाव हाय, अतुल. एका रातीत काय करन, सांगता येत नाही."

तेव्हा मला कळलं की हा माणूस शहराला खरोखर भितो आहे, जसं कोणी दारुड्या जावयाला भितं. आता थट्टा करावी असं वाटेना. केली नाही असं मात्र नाही.

तोडगा काकूंनी काढला. भाजी चिरता चिरता विचारलं, "तुम्ही मले पाहाले आलते, तवा आपले गुण किती होते?"

भय्याजींनी पंचांग मिटलं. "चवदा."

"मंग कावून आलते?"

"घर तं पाहावं लागते ना."

"तेच म्हणते मी. घर पाहून या."

मंगळवारी भल्या पहाटे दुर्गहून गाडीत बसलो. भय्याजी इस्त्रीचा सदरा घालून, कीर्ती कानात इअरफोन घालून, आणि मी. मला मध्यस्थ म्हणून घेतलं होतं; स्थळ मध्यस्थाशिवाय कसं होणार? काकू आल्या नाहीत. "मी लग्नालेच येईन," म्हणाल्या.

दुपारी उतरलो. समुद्र भय्याजींनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. दहाबारा लाटा मोजल्या. मग म्हणाले, "याची शिफ्ट संपत नाही काय?"

पण ते पाहुणे म्हणून आले नव्हते. मुलीकडचे म्हणून आले होते. कीर्तीला राहायला मिळणाऱ्या खोलीत त्यांनी नळ सोडून पाहिला, पाणी चाखलं, खिडकीची कडी ओढली, वर छताकडे पाहिलं. घरमालकीण घाबरून म्हणाली, "सर, आप नगरपालिका से हैं?" बंदराच्या फाटकातून आत सोडेनात, म्हणून कुंपणाच्या जाळीतून त्यांनी क्रेन पाहिल्या. क्रेनवाल्याच्या हाताची सफाई त्यांना पसंत पडली, पण तसं बोलून दाखवलं नाही. मुलीकडच्यांनी लगेच खूश व्हायचं नसतं.

"आता शेजारीपाजारी इचारू," म्हणाले. मुलाची खरी माहिती घरात मिळत नाही, शेजारी मिळते, हे कोणालाही ठाऊक आहे.

मासळी बंदरापाशी एक बाई टोपली घेऊन बसली होती. केस पांढरे, कुंकू मोठं, आवाज रेल मिलमध्येही ऐकू जाईल असा. भय्याजी तिच्यासमोर उकिडवे बसले.

"अम्माजी, ये कैसा है? स्वभाव से?"

"ताज़ा है," बाई म्हणाली आणि एक मासा उचलून त्याचे कल्ले दाखवले.

"मछली नहीं. शहर. हमको बेटी देनी है."

"लड़का कौन?"

"यही. ये शहर."

कीर्तीनं ओढणीत तोंड लपवलं. बाईनं भय्याजींकडे नीट पाहिलं. मग शेजारणीला हाक मारून तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि दोघी इतक्या हसल्या की बर्फावरचे मासे हलले. मी मध्यस्थाचं काम केलं, सगळी हकीकत समजावली. हसणं ओसरलं.

"गुस्सा है इसको," बाई म्हणाली. "बहुत गुस्सा. वो तूफान में मेरा छत ले गया. नाव भी ले गया."

भय्याजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू वाघ टोपलीतच बसला होता.

"फिर?"

"फिर क्या? सबेरे सब लोग रस्ते पे. झाड़ काटा, खाना पकाया, किसका है किसका नहीं, कोई पूछा नहीं. मेरा छत पड़ोसी लोग डाला. नाव आदमी लोग मिलके बनाया. गुस्सा इसका पानी में है. आदमी में नहीं."

भय्याजी पुढे सरकले. "लड़की लोग के साथ कैसा है?"

"मैं रोज़ अँधेरे में आती, अकेली. बाप मर गया तब से. ये मेरे को भूखा नहीं रखा, कभी." तिनं माशावर पाणी शिंपडलं आणि कीर्तीकडे हनुवटी केली. "उसको पूछा? उसको पसंद?"

भय्याजी वळले. शनिवारपासून तीन माणसं, नऊ ग्रह आणि एका शहराचं मत घेऊन झालं होतं.

"कीर्ती, तुले भेव नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. इअरफोन तिनं केव्हाच काढले होते. "पण घरी बसून राहायचं भेव जास्त वाटते."

ते उठले, गुडघे चोळले. कीर्तीनं होकार लिहून ठेवलाच होता, फक्त पाठवायचा होता. पण तिनं घड्याळ पाहिलं आणि मोबाइल खाली केला. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार, त्यात चांगल्या कामाला हात लावायचा नसतो, आणि साडेचार व्हायला अजून थोडी मिनिटं होती.

"राहुकाळ संपू द्या, बाबा. थांबते मी. ऑफिस काय लगेच बंद होत नाही."

भय्याजींनी समुद्राकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"ते साडेचार भिलाईचे," ते म्हणाले. "राहुकाळ सूर्योदयावरून काढतेत. इथं सूर्य आपल्या आधी उगवते. आता तुले इथलाच सूर्योदय धराचा. इथला राहू कवाचाच गेला. पाठव."