हॉटेलच्या पायरीवर चौघं

माझ्या रूम पार्टनरइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या बडोद्यात नसेल, असं मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. करजणच्या आमच्या घरात टीव्हीवर नायक-नायिका जवळ येताना दिसले की वडील पाणी प्यायला उठायचे; आणि हा पादरा गावचा गडी, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आमच्या खोलीत खिचडीत कढी कालवता कालवता मोठ्या आवाजात रील लावायचा, ‘पहिल्या रात्री पुरुष हमखास करतात त्या चुका’! खाली घरमालकीणबाई तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. “अरे, आवाज तरी कमी कर,” मी कळवळून म्हणायचो. “ज्ञान आहे, अल्या! तुझ्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट ना तू? मग शीक!” तो त्याच्या गुजराती वळणात म्हणायचा. पोळातली पोरं त्याच्याकडे सल्ल्याला यायची, आणि तो दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून, डॉक्टरसारखी मान डोलावत, ज्याच्या त्याच्या दुखण्याप्रमाणे रील पाठवायचा.

त्याची स्वतःची मैत्रीण त्याच्याच वर्गातली. काही भेटींनंतरही मुलगा ‘पुढे’ गेला नाही तर मुलगी त्याला सोडते, असं कुठल्याशा रीलने त्याच्या डोक्यात भरवलं होतं. ती जाऊ नये म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. एका शनिवारी दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो म्हणाला, “चल ने, यार. स्टेशनजवळच्या हॉटेलात खोली बुक केलीय. तीही हो म्हणाली.”

“मी कशाला?”

“काउंटरवर एकट्याने बोलायची लाज वाटते.”

त्याच्या तोंडून लाज हा शब्द ऐकून मी इतका हादरलो, की चप्पल घालून निघालोच. हॉटेलच्या पायरीवर ती उभी होती, आणि शेजारी, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातल्या वडीलधाऱ्यांसारखी गंभीर, तिची हॉस्टेलमधली रूममेट! आम्ही चौघं एकमेकांच्या चपलांकडे बघत राहिलो. शेवटी त्याची मैत्रीणच म्हणाली, “तुला खरंच आत जायचंय?”

“तुला?”

“मी आधी विचारलं.”

“नाही,” तो पुटपुटला. “पण नाही म्हटलं तर तू सोडून जाशील ना?”

“अरे, मला वाटलं तू जाशील! सगळे करतात ना, रोज बघतोच की आपण...” आणि तिला हसू आवरेना.

समोरच्या टपरीवर आम्ही चौघांनी जादा तर्री घेऊन सेव-उसळ खाल्ली. त्याचे डोळे भरून आले होते. तिखटामुळे, असं तो म्हणाला.

पुढे नवरात्रीत, ते दोघं गरब्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना तो हळूच म्हणाला, “काल तिने माझा हात धरला.”

“मग?” मी नकळत पुढे सरकलो.

“मग काय? ते नाही सांगणार.”

त्याचा फोन ताटाशेजारी पालथा पडला होता. मला बरं वाटलं. तरी कढी गार होईपर्यंत, तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबून राहिलो होतो.