वत्सलाताईंचा अर्धा सिनेमा

वत्सलाताई गजभियेंनी मला लखनौला, निशातगंजमधल्या आमच्या गच्चीवर ढीगभर सिनेमे सांगितले, पण त्यातल्या एकाही नायकाचं नाव मला येत नाही. त्यांनी ते कधी सांगितलंच नाही. नायक आला की त्या माशी हाकलल्यासारखा हात करत. "थो आला, नाचला, गेला. त्याले पाहाले साऱ्या दुनियेनं तिकीट काढलं हाय. आपन दुसरं पाहू."

आपण म्हणजे आम्ही सरकारी नोकरांच्या बायका, नवऱ्यांच्या बदल्यांमुळे विदर्भातून उठून लखनौला येऊन पडलेल्या. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी लग्न होऊन अमरावतीहून आले तेव्हा भाजीवाल्याशी भांडण्यापुरतीही हिंदी मला येत नव्हती. सिनेमाला नेईल असं घरात कुणी नव्हतं. वत्सलाताई मात्र शुक्रवारी स्वयंपाक झाकून, रिक्षा करून एकट्या दुपारच्या खेळाला जायच्या. गल्लीतले लोक टकमक बघायचे. बघेनात का, मेले! त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते. त्यांनी बायकोला कधी अडवलं नाही, आणि काय बघून आलीस असं कधी विचारलंही नाही.

विचारायचो आम्ही. थंडीच्या दिवसांत दुपारी गच्चीवर ऊन खात मटार सोलायला बसलो की वत्सलाताई सुरू करत. घरमालकीण, तिला सगळे अम्माजी म्हणत, तीही यायची. तिच्या खाटेला आमचा स्पर्श झालेला तिला चालायचा नाही, म्हणून आम्ही खाली चटईवर. गोष्ट मात्र तिला चालायची. "हाँ बहू, फिर?" असं तीच सगळ्यांत आधी म्हणायची.

सांगण्याची वत्सलाताईंची एक रीत होती. "रडनाऱ्याच्या तोंडाकडे नाही पाहाचं. तोंडाले शिकवलेलं असते. हाताकडे पाहाचं." एकदा कुठल्याशा सिनेमातला तरण्या मुलाचा मृत्यू त्यांनी असा सांगितला: आईनं दोरीवरचा त्याचा वाळलेला सदरा काढला, घडी घातली, आणि मग तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना. एवढंच. आमच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. पुढे मी सिनेमाची वेडी झाले, नावाजलेले चित्रपट पाहिले, त्यांच्यावरची पुस्तकं वाचली. त्या सदऱ्याच्या जवळपास जाणारं फार थोडं सापडलं.

वत्सलाताईंची मुलगी आशा तेव्हा शाळेत होती. घरात मराठी कळायची, पण उत्तर हिंदीत. ती कधी ऐकायला बसली नाही. वत्सलाताई जिन्याकडे बघून आवाज थोडा चढवायच्या, आशाच्या कानावर जावं म्हणून. मला ते दिसायचं.

मग एक हवेलीचा सिनेमा आला. आशा कॉलेजात जायला लागली होती. हवेलीच्या अंगणात नायकाचं गाणं, आणि मागे एक बाई भांडी घासत बसलेली. नाचता नाचता नायकाचा पाय लागून तिची घासलेली भांडी मातीत जातात, सगळे हसतात. "गानं तर संपलं," वत्सलाताई म्हणाल्या, "पन थे भांडे पुन्हा कोनं घासले?" आणि सांगता सांगता त्या त्या बाईच्या मागे निघाल्या. तिचं नाव मथुरा. तिनं भांडी तशीच टाकली, मालकिणीच्या शिव्या ऐकत फाटक ओलांडलं. नदीपलीकडे घर, घरात तापानं फणफणलेली पोरगी. रोज थोडं थोडं सांगत त्यांनी मथुरेला नदीकाठी आणलं, तर शेवटची नाव सुटलेली. तिथं वत्सलाताईंनी मटाराचं पातेलं उचललं. "बाकी उद्या."

अम्माजीला पुढचं ऐकेपर्यंत दम निघेना. तिच्या पोरानं दुसऱ्याच दिवशी भाड्यानं व्हीसीआर आणला, नेमकी तीच कॅसेट. पडदे ओढून भर दुपारी सगळी गल्ली तिच्या बैठकीत. आशाही आली. गाणं झालं, भांडी मातीत गेली, बाई बादली घेऊन उठली आणि गेली. पुन्हा आलीच नाही. नायकाचं लग्न होऊन सिनेमा संपला. अम्माजीनं कॅसेट मागे फिरवायला लावली, चित्र थांबवलं. बाईचा चेहरासुद्धा नव्हता, नुसती पाठ. "अरे बहू, कहाँ गई तुम्हारी मथुरा? इतने दिन हमें बेवकूफ़ बनाती रही?"

काय हसल्या सगळ्या! ज्यांनी सदऱ्यासाठी पदर डोळ्याला लावले होते, त्याही हसल्या. आशा सगळ्यांसमोर म्हणाली, "मम्मी, आप झूठी बातें क्यों बनाती हैं? मुझे शरम आती है."

वत्सलाताई तिच्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "सिनेमावाल्यायनं तिले बोलावलं, बादली देल्ली अन् हाकललं. मी तिले घरी पोचवत होती. त्याच्यात खोटं काय केलं, बाई?" अम्माजीनं दुसरी कॅसेट लावायला सांगितली.

त्यानंतर त्यांनी सिनेमा सांगितला नाही आणि पाहिलाही नाही. मी मागे लागले, हातापाया पडले. "पुढं काय झालं, तेवढं तरी सांगा." तर म्हणायच्या, "काऊन सांगू? व्हीसीआर हाय ना." एकदाच, भाकरी थापताना, विचारलं नसताना म्हणाल्या, "माझी माय मालगुजाराच्या वाड्यावर भांडे घासे. तिले कोनं पाह्यलं नाही. मले वाटलं, निदान मथुरेले पाहाव." मग त्यांनी भाकरी उलटली, ती करपली होती.

पुढे गजभिये लखनौतच इंदिरा नगरला राहायला गेले. तिथंच दोन-तीन वर्षांत दुखणं होऊन वत्सलाताई वारल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना, त्रिसरण-पंचशील झालं आणि यजमानांच्या खात्यातले एक साहेब श्रद्धांजलीचं बोलायला उभे राहिले. "गजभिये जी की धर्मपत्नी बड़ी शांत महिला थीं. कभी उनकी आवाज़ नहीं सुनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शांत! त्या बाईचा आवाज तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलात, आणि आता त्याचं कौतुक करता? मी उभी राहिले. मोडक्यातोडक्या हिंदीत मथुरेची गोष्ट सांगायला लागले. अंगण, भांडी, शिव्या, फाटक. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कुणीतरी "बहनजी, ज़रा संक्षेप में" म्हणालं. मी थांबले नाही. नदीकाठापर्यंत आले, नाव सुटलेली सांगितली आणि खाली बसले.

आशा उठून माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाली, "फिर? चाची, वो घर पहुँची?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "तेव्हा कुणी सांगू दिलं तुझ्या आईला?"