गिअर कळता कामा नये

गायकवाडकाका खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय गाडी चालवायचा. समोर बातम्या चालू, हातात चहाचा कप, आणि खाली फरशीवर चवडा दाबलेला. मधूनच पायाची बाहेरची कड हलकेच टेकायची. काकू म्हणायच्या, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण यांचा पाय अजून ड्युटीवरच आहे.

काकांनी सव्वीस वर्षं अँब्युलन्स चालवली होती. टिटवाळ्याच्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. चाळिशीत गाडी शिकून मी भावाची जुनी गाडी घेतली. गेटातून आत येताना ती असे आचके द्यायची की एका रविवारी काका स्वतःच जिना उतरून आले. "मागे पेशंट नाही म्हणून चालून जातंय," एवढं म्हणून ते मागच्या सीटवर आडवे झाले.

त्यांची शिकवण्याची पद्धत हीच. डोळे मिटून पडून राहायचे आणि गिअरचा धक्का बसला की म्हणायचे, "कळला." पहिल्या दिवशी मानपाड्यापर्यंत जाऊन येताना हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल देव जाणे.

वेग कमी करताना मी गिअर खाली आणला की गाडी गचका खायची. त्यावरचा उपाय त्यांच्या पायात मुरलेला होता. चवडा ब्रेकवर ठेवायचा, डाव्या पायाने क्लच दाबायचा, आणि ब्रेक न सोडता उजव्याच पायाच्या कडेने ॲक्सिलेटरला जरा डिवचून इंजिन उठवायचं. मग खालचा गिअर टाकून क्लच सोडायचा. ऐकायला सोपं, माझा पाय मात्र ब्रेकवरून घसरायचा. एकदा चिडून मी म्हटलं, हे शर्यतीवाल्यांचे प्रकार मला कशाला? काकांनी वाद घातला नाही. मणका मोडलेली एक बाई त्यांच्या गाडीत दर गिअरला किंचाळली होती, ते त्यांनी सांगितलं. त्यानंतर रोज रिकाम्या गाडीत सराव करून ते हे शिकले होते. "ते वेगासाठी करतात, आपण माणसासाठी करायचं," ते म्हणाले. "पेशंटला गिअर कळता कामा नये."

गेल्या मे महिन्यात सकाळीच काकू न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स यायला तास-दीड तास लागणार होता, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काकांना गाडी चालवता येत नव्हती. कठडा धरत ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "गाडी काढ." पेडल पायाला नीट कळावं म्हणून मी चपला काढल्या, किल्ली घेतली आणि अनवाणीच खाली धावले.

चौघांनी काकूंना गोधडीसकट मागे निजवलं, डोकं काकांच्या मांडीवर. खड्ड्यांपुढे माझा इलाज नव्हता. त्या कण्हल्या की मी वेग आणखी कमी करायचे. शहाडचा पूल उतरताना समोरची रिक्षा अचानक थांबली. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना, सरावात इतके दिवस घसरणारा पाय आपोआप वळला. इंजिन जरासं उठलं आणि गाडी मऊपणे मंदावत गेली. मी आरशात पाहिलं. काकूंचे डोळे मिटलेले होते. काका त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होते आणि मागून एक शब्दही आला नाही.

कल्याणच्या हॉस्पिटलात ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले, तेव्हा काका बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आलं, सुटकेचं.

दहा दिवसांनी मीच दोघांना घरी आणलं. काकू पुढच्या सीटवर बसून, मे महिना संपत आला तरी आंबे खाल्ले नाहीत म्हणून कुरकुरत होत्या. इमारतीखाली गाडी थांबली तरी काका उतरेनात.

"सीमा, मी पेशंट आत पोचवायचो आणि गाडी वळवायचो," ते म्हणाले. "पुढे त्याचं काय झालं, मला कधीच समजायचं नाही. बरा झालेला पेशंट घरी आणतोय तो आज पहिल्यांदा."

मग ते उतरले, पुढचं दार उघडलं आणि काकूंसमोर हात पुढे केला.