वरच्या पत्र्याखालची तारीख

हल्ली लोकांना घरात काय मांडावंसं वाटेल याचा काही नेम नाही. एका बाईंना म्हणे दिवाणखान्याच्या भिंतीवर नऊ जुने कॅमेरे हवेत, रोलवाले. फोटो काढायला नव्हे हं, नुसते बघायला! वर अट अशी, की आतलं सगळं काढून हलके करून द्या, भिंतीला भार नको. ज्या माणसानं ऐन तारुण्य कॅमेऱ्याच्या पोटातल्या स्प्रिंगा जुळवण्यात घातलं, त्यालाच ती पोटं रिकामी करायला सांगायची म्हणजे कमालच. पण सांगणारी सून होती, आणि रिकामं बसून हात गंजण्यापेक्षा बरं म्हणून मेकॅनिककाका रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून बसायचे.

सुनेचा धंदा घरं सजवून द्यायचा. भंगाराची दुकानं, बंद पडलेले स्टुडिओ, रिकामी होणारी घरं पालथी घालून ती कॅमेरे शोधून आणायची. "बाबा, हा किती गोड आहे ना!" म्हणायची.

"गोड कसला डोंबलाचा! याचं शटर अडकतं. आमच्या दुकानात हा आला की आम्ही कपाळाला हात लावायचो."

आमचं दुकान म्हणजे काकांना कॅमेरादुरुस्ती शिकवणाऱ्या उस्तादांचं. तिथून काका अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेर पडले ते चोरीचा आळ घेऊन. एका डॉक्टरांचा फार भारीतला कॅमेरा काकांनीच शुक्रवारी दुरुस्त करून कपाटात ठेवला होता, तो सोमवारी तिथं नव्हता. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच, उस्तादांकडे आणि यांच्याकडे. उस्ताद ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोलिसांत देत नाही. तुला बायकामुलं आहेत. उद्यापासून येऊ नकोस, झालं." काकांनी शपथा घेतल्या, पण ऐकतो कोण? बाजारभर बभ्रा झाला. मग शिलाई मशीन, मिक्सर, पंखे, जे येईल ते दुरुस्त करत त्यांनी संसार ओढला. आणि भोळेपणा बघा, उस्तादांवर राग धरायचा सोडून हा माणूस त्यांचे उपकार मानत बसला! तुरुंगापासून वाचवलं म्हणून दर वर्षी जाऊन पाया पडायचा. दोन महिन्यांपूर्वी उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या मुलापेक्षा काकाच जास्त रडले.

घरात मात्र हा विषय कधी निघाला नाही. बायकोनं एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीवर काका ताठ मानेनं जगले. जग काही का म्हणेना, घरचं माणूस आपल्याला ओळखून आहे, असं त्यांना वाटायचं.

त्या सकाळी सातवा कॅमेरा हातात होता. काकांनी रोल फिरवायची कळ सोडवली, तीन बारीक स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला, सवयीनं उलटा करून उजेडात धरला, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

दुरुस्ती झाली की पत्र्याच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख आणि आपली खूण कोरायची, ही उस्तादांच्या दुकानाची रीत. "गिऱ्हाईक खोटं बोलेल, पत्रा बोलणार नाही," असं उस्तादच शिकवायचे. या पत्र्यावर एक तिरपी रेघ आणि दोन ठिपके होते. ती काकांची खूण. खालची तारीख त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारची.

"सूनबाई! हा कुठनं आणलास?"

सुनेनं जीभ चावली. "बाबा, सांगणारच होते. उस्तादांच्या घरचा आहे. मुलानं घर विकायला काढलंय. खालच्या कप्प्यात मखमलीत गुंडाळून ठेवला होता. म्हटलं, त्यांची वस्तू बघून तुम्हाला वाईट वाटेल..."

काकांनी तारीख पुन्हा वाचली. शेहेचाळीस वर्षं! चोर घरात बसून पाया पडून घेत होता, आणि हे पडत होते! हाव सुटली असेल, दुसरं काय. आपणच शिकवलेली रीत मात्र तो विसरला. पत्रा उघडून खूण खरवडायचं त्याला सुचलंही नाही. "हरामखोर," काका म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी उस्तादांना शिवी दिली.

मग पत्रा घेऊन ते तसेच स्वयंपाकघरात गेले. पहिला नंबर आलेलं पोर निकाल घेऊन धावतं ना, तसे. "अगं बघ, बघ! डॉक्टरांचा कॅमेरा! उस्तादानंच दाबला होता! ही बघ माझी खूण!"

बायकोनं चष्मा लावला. पत्रा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. मग ती स्टुलावर बसली.

"म्हणजे... तुम्ही नव्हता घेतला?"

काका हसायला गेले आणि मधेच थांबले. "म्हणजे काय? तुला काय वाटत होतं?"

"धाकटी तेव्हा दवाखान्यात होती. इंजेक्शनं कुठून येतायत, तुम्ही काही सांगत नव्हता. मला वाटलं, पोरीसाठी केलंत. बापानं पोरीसाठी केलंय, तर आपण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवलं मी."

"अगं, सायकल विकली होती मी!"

"सायकल चोरीला गेली म्हणाला होतात."

"तुला वाईट वाटू नये म्हणून!" काका ओरडले. उस्ताद काय, परका माणूस. पण ही? हिनं चोर समजून रोज ताट वाढलं, आजारपणात उशाशी बसली, लोकांशी यांच्यासाठी भांडली! "एकदा विचारायचंस तरी."

"आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?" ती रडायला लागली. "रोज देवाजवळ तुमच्या वतीनं माफी मागत आलेय हो मी."

सून दारात आली होती, ती आल्या पावली मागे फिरली. काका बायकोसमोर खाली फरशीवरच बसले.

"विचार," ते म्हणाले.

"आता काय विचारू?"

"आता विचार. मला एकदा कुणीतरी विचारू दे."

तिनं पदरानं डोळे पुसले. "तुम्ही घेतला होता का हो तो कॅमेरा?"

"नाही," काका म्हणाले, आणि हमसून हमसून रडले.